जेवलास का या प्रश्नाची भीती

आधी आक्कांचं सांगतो. त्यांचं-माझं नातं काही नाही. कोल्हापुरात त्यांचा म्हशींचा गोठा आहे, तिथं मी कामाला आहे. आज मी आईशी फोनवर बोलू शकतो ते त्यांच्यामुळं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं गडबडलो तरी मुख्य गोष्ट राहून जाणार नाही.

माझं गाव नांदेडच्याही पलीकडं. शाळा सातवीत सुटली, तेव्हापासून काम मिळेल तिथं. इथं सकाळ-संध्याकाळ आम्ही म्हशी चौकातल्या दूध कट्ट्यावर नेतो आणि गिऱ्हाइकासमोर धार काढतो. लोक उभ्याउभ्या फेसाळ दूध पितात, मोठ्यानं बोलतात, हसतात, आपापल्या वाटेनं जातात. त्या गर्दीत मी एकटाच असायचो.

वडील गेले तेव्हा मी पुण्याकडं एका बांधकामावर होतो. आमच्याकडं मरणाची बातमी कुणी सरळ सांगत नाही. आधी माणसाला जेवायला लावतात, कारण ऐकल्यावर घास उतरत नाही आणि मरणाच्या घरात चूलही पेटत नाही. मायेचाच रिवाज आहे, मला मान्य आहे. चुलत्यांचा फोन आला. जेवलास का, म्हणाले. नाही म्हटलं. तर म्हणाले, पोटभर जेव आणि मग निघ, बापाला जरा बरं नाही. मी पोटभर जेवलो. भात दोनदा घेतला. स्टँडवर वडलांसाठी मोसंबी घेतली. गावात गल्लीत वळलो तर अंगणात तिरडी बांधत होते. हातातली पिशवी कुठं ठेवावी तेच कळेना.

नंतर वर्षं गेली. पण 'जेवलास का' ऐकलं की अजून पोट आवळायचं, हात गार पडायचे. आणि हा प्रश्न कोण विचारत नाही? पानवाला विचारतो, घरमालक विचारतो. मी माणसंच टाळायला लागलो. जेवणाच्या वेळी खोलीचं दार लावून घ्यायचो. जेवायचो तेही उभ्यानं, पायात चपला तशाच. झोपेतून दचकून उठलो की पहिला फोन बघायचा. आई तर फोनवर दुसऱ्या कुठल्या वाक्यानं सुरुवातच करत नाही. तिचा फोन आला की मी तो पालथा घालायचो. नंतर करू म्हणायचो आणि करायचो नाही. शेवटी शेजारच्या वहिनीनं कळवलं, तुझी आई म्हणते पोराला माझा आवाज नकोसा झालाय, आता मी काही फोन करायची नाही. ते ऐकून तरी करायला हवा होता. नाही झाला.

त्याच आठवड्यात एक म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडेना. माझी बोटंच सैल होईनात. गिऱ्हाइकं भांडी घेऊन ताटकळली. पावण्यांनी म्हशीलाबी रुसवलं की, असा एकानं टोमणा मारला. आक्कांनी मला उठवलं, स्वतः बसल्या, धार काढली. गर्दी सरल्यावर म्हणाल्या, "पावणं, तुमचं कायतरी बिघडलंय हे म्हशीला कळतंय, आन् मला कळायचं न्हाई व्हय?"

गोठ्यावर येऊन वर्ष झालं तरी मी त्यांना पावणंच होतो. शेण भरता भरता, खाली बघत, मी सांगायला लागलो. कुणालाच सांगितलं नव्हतं. मोसंबीपर्यंत आलो, पाटी उकिरड्यावर टाकून आलो आणि मग उरलेलं सांगितलं. विसरून जा, असं त्या म्हणाल्या नाहीत. आईला हे ठाऊक हाय काय, एवढंच विचारलं. नव्हतं.

मग त्यांनी मला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडं नेलं आणि स्वतः बाहेर बाकड्यावर बसून राहिल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती बातमी येऊन गेली हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमचं शरीर अजून ती यायची वाट बघतंय. हे वेड नाही. मला वेडाचीच धास्ती होती.

परत आल्यावर आक्कांनी माझ्याच फोनवरून आईला लावला. त्यांचं साधं बोलणंही भांडल्यासारखं. आई आधी घाबरलीच असणार. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ताई, आता त्याला जेवलास का म्हणून इचारू नका. तुमी काय रांधलंय ते सांगा. घरात चूल पेटलीया, एवढं त्याला कळलं की बास."

आक्कांनी फोन माझ्या हातात दिला.

"आज अंबाडीची भाजी केली," आई म्हणाली. "भाकर जरा करपली."

मी तिथंच खाली बसलो. लसूण घातला का, मी विचारलं. घातला, म्हणाली. मग हळूच म्हणाली, तुला तसं खरं न सांगता बोलवायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं रे.

अजून सगळं बरं नाही. गोळ्या चालू आहेत. खोलीवर रात्र सरता सरत नाही आणि कुणी सहज विचारलं तरी हात आधी फोनकडं जातोच. पण आई रोज भाजी सांगते, मी रोज ऐकतो.

आक्काही एकट्याच असतात. लेक लांब दिलेली, गुडघे धरलेले. त्याबद्दल त्या बोलत नाहीत आणि विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. उपकार कसे फेडायचे तेही नीट कळत नाही. पण ज्या दिवशी त्यांना धारेला बसवणार नाही, त्या दिवशी मी कुठंही असलो तरी येईन, म्हशी सांभाळीन आणि त्यांच्याजवळ राहीन. आक्का, हा माझा शब्द.