मागून गेलं तरी मूळच

बॅचवाल्यांनो, आज परतवाड्याला आपल्या गणिताच्या बाईंकडे जाऊन आलो. त्यांनी मला ओळखलं नाही. "तू कोनाचा रे?" असं दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी नाव सांगितलं.

त्यांची सून हळूच म्हणाली, "आईले जुनं सारं याद राह्यते जी, नवं टिकत नाई. काल मलेच ओयखलं नाई."

मी कागदावर ७३९३९१३३ लिहून त्यांच्यापुढे धरलं. आठवते ना? बाईंनीच फळ्यावर लिहिलेली मूळ संख्या, एक आणि स्वतःशिवाय कशानेच भाग न जाणारी.

बाईंनी पेन घेतला आणि शेवटचा ३ खोडला. "अजूनही मूळच." पुढचा ३ खोडला. "अजूनही मूळच." असं करत करत एकटा ७ उरला, तेव्हा त्या खुदकन हसल्या. "मांगून कितीही जाऊ दे, हे मूळ सोडत नाई."

सुनेने तो कागद घडी घालून स्वतःजवळ ठेवला.

निघताना बाईंनी पुन्हा विचारलं, "तू कोनाचा रे?"

यावेळी मी नाव सांगितलं नाही. "तुमचाच, बाई," म्हणालो.

ग्रुपवर रोज गुड मॉर्निंगची फुलं टाकता ना? मग बाईंकडे कधी जाता?