विमानवाल्यांच्या अंगावरचे दगड

मोडक्या विमानाचा फोटो मोबाईलवर पाहिला आणि नवऱ्याला सांगून टाकलं, रविवारी अकोले तालुक्यातले डोंगर! भिंगारहून पहाटेच निघालो. संगमनेरात मिसळ खाल्ली. राजूरपर्यंत रस्ता बरा आहे. पुढच्या खड्ड्यांबद्दल बोलले तर माझंच तोंड खराब होईल.

पायथ्याच्या वाडीत हिराबाईंकडे जेवलो. तांदळाची भाकरी, हुलग्याचं पिठलं, दीडशे रुपये ताट आणि वर आग्रह. वाट दाखवायलाही त्याच येतात.

फार पूर्वी माल घेऊन चाललेलं विमान धुक्यात इथल्या कड्यावर आदळलं. आतली दोन माणसं गेली. हिराबाईंच्या सासऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं, पण वर नुसता कातळ, खड्डा खणणार कुठे? मग वाडीने ओढ्यातले दगड डोक्यावर वाहून त्यांच्या अंगावर रचले. तेव्हापासून वर जाणारा प्रत्येकजण एक दगड नेतो. आम्हालाही एकेक मिळाला.

"जड आहे हो," मी कुरकुरले.

"मानूस काय हलकं असतंय व्हय?"

गुडघ्यावर हात टेकत त्या पुढे निघाल्या.

वर पोचलो तर त्या राशीला खिंडार! शेजारी त्याच दगडांच्या दोन चुली, त्यावर कोंबडी भाजत बसलेलं टोळकं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, खाली माणसं पुरलीत!"

"ताई, दगडच तर आहेत," त्यांच्यातला एक हसत म्हणाला.

"तुझ्या आजोबांच्या समाधीवर भाजतोस का रे?"

नवरा "जाऊ दे" म्हणून हात ओढत होता. या "जाऊ दे"नेच आपलं वाटोळं केलंय. शेवटी ते निर्लज्ज उठले, हाडं आणि बाटल्या तिथेच टाकून.

मी काळा पडलेला एक दगड परत ठेवायला गेले. हिराबाईंनी मनगट धरलं.

"चुलीतला दगड मढ्यावर न्हाई ठेवत, बाई. त्यांचं कुनी आलंच न्हाई कधी. आमीच सोयरे."

आमचे तीन दगड ठेवले. खिंडार बुजलं नाही.

"ऱ्हाऊ द्या. मी आनीन एकेक," त्या म्हणाल्या. त्या गुडघ्यांनी!

घरी आले तरी राग उतरलेला नाही. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा जातोय. विमानाचा फोटो इथे टाकलेला नाही, वरची वाटही लिहिणार नाही. ती हिराबाईंना विचारा. त्या आधी दगड देतील. जड वाटला तर भाकरी खा आणि तिथूनच मागे फिरा.