टाचण्या काढलेली पत्रं

माझा हात फार स्वच्छ, हे मी उभ्या नोकरीत मिरवलं. बल्लारपूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. पुस्तकाचं पान कुणी दुमडलं, खुणेला बसचं तिकीट ठेवलं, की माझं डोकं फिरायचं. पोरं घाबरायची, प्राध्यापकही जरा जपूनच बोलायचे, आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? त्यामुळे निवृत्तीनंतर एका शेठजींच्या बंगल्यावरून जुने कागद लावून द्यायला या म्हणून निरोप आला, तेव्हा मनात म्हटलं, चला, बरोबर माणसाला बोलावलं.

घराणं मोठं. कोळसा, आरागिरणी, जंगलातले बांबूचे ठेके. त्यातल्या थोरल्या शेठजींना कलेचा नाद होता. नाद म्हणजे कसा, तर जेवणघरापासून जिन्यापर्यंत एक भिंत रिकामी नाही. चित्रं, पितळेच्या मूर्ती, कोरीव दारं, आणि मागच्या व्हरांड्यात जंगलातल्या गावांतून आणलेले चार सागवानी खांब. माणूस गेला की त्याच्या नावानं गावाबाहेर रोवतात तसले. चारही खांबांवर पक्षी कोरलेले. शेठजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलं परदेशी गेली होती, बंगल्यात एकटी थोरली सून उरली होती. तिनं सगळा संग्रह एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलं, कागदांसकट. कागद म्हणजे ट्रंकाच्या ट्रंका. खिडकी उघडली की अर्ध्या तासात त्यांच्यावर कोळशाची काळी भुकटी बसायची, म्हणून मी भर उन्हाळ्यात खिडक्या लावून बसायची.

वाचताना मजाही यायची. एका चित्रकारानं चिडून लिहिलं होतं, माझं चित्र तुम्ही पंख्याशेजारी लावलंत म्हणे, काढा नाहीतर परत पाठवा. शेठजींच्या उत्तराची नक्कल खालीच होती: चित्र राहू द्या, पंखा काढतो. असल्या माणसाबद्दल माया वाटायला लागते हो.

ठेक्यावरच्या दिवाणजींची पत्रं वेगळ्या ट्रंकेत होती. जंगलातून वस्तू पाठवली की सोबत पत्र, आणि पत्राला त्या वस्तूचा फोटो टाचलेला. टाचण्या गंजून कागदात रुतल्या होत्या. मी एकेक उपसून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकली. पत्रं तारखेप्रमाणे फायलीत लावली, फोटो आकाराप्रमाणे अल्बममध्ये. पुस्तकांची सवय, दुसरं काय! सूनबाई म्हणाल्या, "किती छान दिसतंय आता." मी चार दिवस हवेत होते.

मग संग्रह संग्रहालयाला जाणार अशी पेपरात बातमी आली, व्हरांड्यातल्या खांबांच्या फोटोसकट. आठवड्यानं एक म्हातारे फाटकाशी येऊन उभे राहिले. भामरागडकडचे, दोन बस बदलून आलेले. खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. आयुष्यभर याच घराण्याच्या ठेक्यावर बांबू तोडला होता आणि मुकादमांशी बोलून बोलून मराठी शिकले होते.

"माह्या बापाचा खांब इथी आहे म्हन्ते," ते म्हणाले. "मीच देल्ला तो."

तेव्हा ते सहा-सात वर्षांचे होते. आई मोहफुलं वेचायला गेली होती. दिवाणजींनी हातात गुळाचा खडा ठेवला, अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला आणि खांब बैलगाडीत चढवला. आई परत आली तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. "मायनं मले मारलं नाई," ते म्हणाले. "मारलं असतं तं बरं झालं असतं."

त्यांना खांब परत न्यायचा होता, पण जपायला नाही. त्यांच्या गावात खांब एकदा रोवला की त्याला कुणी हात लावत नाही. ऊन, पाऊस, वाळवी, ज्याला जे खायचं ते खाऊ देतात. पडून त्याची माती झाली की गेलेला माणूस मोकळा झाला. "तो अजून उभाच आहे ना बाई," ते म्हणाले. "मी मरायच्या आंधी त्याले मोकळा कराचा आहे."

बंगल्यात त्या खांबांना दर वर्षी जवसाचं तेल पाजायचे. यंदा मीसुद्धा पाजलं होतं, हौसेनं, नवं फडकं घेऊन. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पत्र मी पाच मिनिटांत काढलं. गावाचं नाव, बापाचं नाव, 'मुलाच्या संमतीने', आणि खाली इवलासा अंगठा. म्हाताऱ्यांनी त्याच्यावर आपला अंगठा ठेवला, तसा तो ठसा पूर्ण झाकला गेला. बराच वेळ त्यांनी हात उचलला नाही. मग विचारलं, "यातला कोन्ता?"

पत्रात पुढे एवढंच होतं: सोबत टाचलेल्या फोटोतील खांब. खांबाचं वर्णन नाही, माप नाही. दिवाणजींना लिहायची गरजच नव्हती, फोटो टाचलेला होता ना. म्हाताऱ्यांना आठवत होता फक्त पक्षी, आणि पक्षी तर चारही खांबांवर होते.

मी त्यांना म्हटलं, "भाऊ, मले तीन दिवस द्या." ते चंद्रपुरात नात्यातल्या एका घरी थांबले. मी ती चार पत्रं आणि चार फोटो घेऊन खिडकीशी बसले. फोटोवर पत्र ठेवायचं, उजेडासमोर धरायचं, टाचणीची भोकं एकावर एक येतात का, गंजाचा डाग जुळतो का बघायचं. दोन जोड्या जुळल्या. आनंदानं रडूच यायचं बाकी होतं. त्या दोन्ही जोड्या दुसऱ्या गावांच्या निघाल्या. उरलेल्या दोन फोटोंत एक त्यांच्या बापाच्या खांबाचा होता, आणि त्या दोन्ही फोटोंना टाचणीचा वरचा कोपराच नव्हता. गंजानं खराब दिसतो म्हणून मी स्वतः तो कात्रीनं सरळ कापून टाकला होता. केराची टोपली त्याच दिवशी जाळली होती. मी उठून माझ्याच थोबाडीत मारून घेतली.

तिसऱ्या दिवशी मी सूनबाईंसमोर आणि म्हाताऱ्यांसमोर सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. सूनबाई बाई म्हणून चांगली. त्या म्हणाल्या, "मग दोन्ही घेऊन जाऊ द्या त्यांना. संग्रहालयाला मी सांगेन काय ते. गाडीही देते." मी देवाचे आभार मानले. सुटले असं वाटलं, हे कबूल करते.

म्हातारे व्हरांड्यात त्या दोन खांबांसमोर बसले. दुपारचं जेवण नको म्हणाले. कशालाच हात लावला नाही, नुसते कधी याच्याकडे बघायचे, कधी त्याच्याकडे. गाडीवाला दोनदा येऊन विचारून गेला. ऊन व्हरांड्यातून उतरलं तेव्हा ते उठले.

"नाई नेत," म्हणाले.

"काऊन भाऊ?" माझा आवाज चढला. "दोन्ही देऊन राह्यले ना! त्यातला एक तर तुमचाच आहे."

"आन् दुसरा?" ते म्हणाले. "त्याचंबी पोर असन कुठी. तवा मी मायले न इचारता देल्ला. आता कोनाच्या बापाले न इचारता नेऊ काय?"

मी वाद घातला. माझा स्वभावच तो. त्या दुसऱ्या गावाला निरोप पाठवू म्हटलं, तर त्या पत्रावरचं गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन जमाना झाला होता, लोक कुठे पांगले कुणाला ठाऊक नव्हतं. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी मलाच म्हणाले, "कामात होते असं, बाई. तुमी जिवाले लावून घेऊ नका."

त्यांच्यासमोरच मी संग्रहालयाची यादी उघडली. त्या दोन खांबांपुढे लिहिलं, 'कोणता कोणाचा ही नोंद माझ्या हातून नष्ट झाली,' आणि सही केली. सूनबाई म्हणाल्या, एवढं कशाला लिहायचं. मी खोडलं नाही.

बसस्टँडवर त्यांना गडचिरोलीच्या बसमध्ये बसवलं. ड्रायव्हर चढला तेव्हा त्यांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. "खरं सांगा, बाई. तुमाले कोन्ता वाटला?"

मी म्हटलं, "डावीकडचा."

"मलेबी तोच वाटला," ते म्हणाले, आणि टॉवेलनं तोंड पुसून समोर बघत बसले.