मी धावायची, ते मोजायचे

"तिचा मास्क वेगळा ठेवा. बाकीच्यांत मिसळू नका."

सर हे हळू बोलले नव्हते. मी ट्रेडमिलवरून नुकतीच उतरले होते. गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होते. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष, विषय व्यायामशास्त्र. लॅबमध्ये आम्ही अकरा जण. धावताना शरीर मिनिटाला किती प्राणवायू वापरतं ते मोजायचं प्रात्यक्षिक होतं. त्यासाठी नाकातोंडावर रबराचा मास्क घट्ट बांधतात, त्याची नळी मशीनला जाते. मास्क मोजकेच. एकाचं झालं की जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवायचा, पुसायचा, दुसऱ्यानं लावायचा. माझ्याआधी चौघे धावले. चौघांचे मास्क एकाच बादलीत पडले.

माझा पडला नाही. ऋतुजा नावाची माझी वर्गमैत्रीण. तिनं तो दोन बोटांत धरला, पट्ट्याला निळी चिकटपट्टी गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि खिडकीत ठेवला.

"हायजीन," सर म्हणाले. मग हसले. "तूच जास्त धावणार आहेस ना बेटा, तुझा स्वतःचाच झाला म्हण."

सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

हायजीन असती तर अकरा जणांना अकरा मास्क आले असते. एकच वेगळा होता. माझ्या आज्याला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी होती, ती बाहेर वळचणीला पालथी असायची. आज्यानं ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की आम्ही पोरं कंटाळायचो. झालं गेलं, आता काय त्याचं, असं म्हणायचो.

सरांना कसं कळलं, असा प्रश्न कुणाला पडला तर सांगते. प्रवेशाच्या दिवशी त्यांनी मला तीन प्रश्न विचारले होते. आडनाव काय? गाव कुठलं? मी वडगाव रासाई सांगितलं. मग तिसरा. "वडगावात कुठं?" मी म्हणाले, विहाराजवळ. "हं," असं म्हणून त्यांनी फॉर्मवर टिक केली. आवाज मात्र साखरेसारखा. आयुष्यात माझ्याशी सरांइतकं गोड कुणी बोललं नसेल, आणि इतकं खोलवर मला कुणी कापलंही नसेल.

मी धावणारी मुलगी. नदीकाठच्या रस्त्यानं सकाळी धावायचे, तालुक्याला पळून पहिली यायचे, शिरूरच्या कॉलेजकडून जिल्ह्याला गेले. पण एम.एस्सी.ला आले ते पळण्यासाठी नाही. आले आईच्या पायांमुळं. आई रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. कंपनीची बस पहाटे नेते. मग आठ तास उभं. बसायचं नाही, भिंतीला टेकायचं नाही. घरी आली की ती पाय पाटावर ठेवून बसायची आणि मी तिच्या पिंडरीवर बोट दाबायचे. खड्डा पडायचा. तो लवकर भरायचा नाही. का भरत नाही हे मला कुणी सांगेना. डॉक्टर गोळ्या द्यायचे, सुपरवायझर म्हणायचा वय झालं. आई तेव्हा एकेचाळीसची होती. मला कळायचं होतं. एवढंच. म्हणून भीमा ओलांडून दौंड तालुक्यात, यवतच्या बाजूला असलेल्या त्या कॉलेजात मी नाव घातलं.

आणि तिथं मी काय झाले? अंग झाले.

मला दुसरा शब्द सापडत नाही. प्रात्यक्षिक कुणाचंही असो, धावायला मी. छातीला पट्टा मला. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब माझा. वहीत आकडे लिहिणारे ते, आलेख काढणारे ते, सेमिनारला सूट घालून बोलणारे ते. पडद्यावर माझं हृदय दिसायचं, खाली नाव 'सब्जेक्ट एक'. दुसऱ्या वर्षापर्यंत मी ते मशीन सुरू करायला शिकले नव्हते. शिकवलंच नाही. एकदा मी म्हणाले, सर, आज मी नोंदी घेते, ऋतुजाला धावू दे. सर म्हणाले, "अगं, तुमच्या लोकांची शरीरं मुळातच कष्टाची. पिढ्यान्‌पिढ्यांची तयारी आहे. असा सब्जेक्ट पैसे देऊन मिळत नाही. अभ्यास काय, बाकीचे करतीलच की."

यात वाईट काय बोलले, असं वर्गातला एक जण मला नंतर म्हणाला. कौतुकच केलं ना?

तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करायला शिकले होते. आता मास्कच्या आत बसून तिचा उपयोग करत होते.

सोडून का नाही दिलं, असं विचारणाऱ्यांना मी काय सांगू. माझ्या वस्तीत पदवीच्या पुढं गेलेली मी पहिली मुलगी. विहारात माझा सत्कार झाला होता. आप्पा, म्हणजे माझे वडील, यवतच्या एका ढाब्यावर आचारी. ते गिऱ्हाइकाला भाकरी वाढताना सांगायचे, पोरगी शास्त्रज्ञ होतीया. परत जाऊन काय सांगू? मास्कला चिकटपट्टी लावली म्हणून आले? माझे गाईड सरच. गाईड बदलायचा म्हटलं तर त्या अर्जावर आधी गाईडचीच सही लागते. तक्रार करायची म्हटलं तर समितीचे अध्यक्ष सरच. ज्या दारातून बाहेर पडायचं त्या दाराची किल्ली त्यांच्याच खिशात. रात्रंदिवस हेच. मला माझ्या अंगाचा राग यायला लागला होता. हे इतकं चांगलं धावतं कशाला, असं वाटायचं.

आईला चिकटपट्टीचं सोडून बाकीचं सांगितलं, तर ती म्हणाली, "सरांचं ऐक, बाय. सई त्यांची लागती. दोन वर्सं तर हाईत, काढ दम."

मी दम काढला. दम काढणं हाच तर माझा विषय होता.

दुसऱ्या वर्षी प्रबंधाचा विषय द्यायचा होता. मी दिला: कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्या बायकांचे पाय, पोटऱ्यांना येणारी सूज, त्यावर मधल्या सुट्टीत करायचे व्यायाम. चार पानं लिहिली होती. आईच्या पोटरीचं माप सकाळी आणि संध्याकाळी असं महिनाभर टेपनं घेतलं होतं. सरांनी पानं वाचली. मनापासून वाचली, हे सांगायला हवं. "उत्तम विषय," म्हणाले. आठ दिवसांनी यादी लागली. माझा विषय ऋतुजाच्या नावापुढं होता.

"तिचं इंग्रजी चांगलं आहे," सर म्हणाले. "तू तिला बायका मिळवून दे. तुझ्या घरातल्याच आहेत. आणि माझ्या रिसर्च पेपरच्या शेवटच्या चाचण्या तुझ्यावरच आहेत, तुला प्रबंधाची घाई नको. तुझं मी बघतो."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. रडले नाही.

आणि लाज वाटते पण सांगते, मी बायका मिळवून द्यायला गेलेसुद्धा. रविवारी कारेगावला. तिथं कंपनीतल्या कामगारांच्या खोल्या आहेत, पत्र्याच्या, ओळीनं. आई धरून तिच्या पॅकिंगच्या लाइनवरच्या बारा बायका एका खोलीत जमल्या होत्या. माझ्या पिशवीत बारा संमतीपत्रं. इंग्रजीत. सही किंवा अंगठा घेऊन ये, एवढंच मला सांगितलं होतं.

शांतामावशी पुढं बसली होती. पन्नाशीची बाई, अक्षरओळख नाही. मी शाईचं पॅड पुढं केलं. तिनं हात मागं घेतला.

"आधी वाचून दाव."

"मावशी, साधाच कागद हाय. सगळ्यांचा असतो."

"साधाच म्हनून कंपनीत एकदा सई केली व्हती. दुसऱ्या दिशी कळलं, कायमची व्हते ती कंत्राटी झाले. वाच."

मी वाचायला लागले. इंग्रजी वाचायचं, मराठीत सांगायचं. तुमची मापं घेणार. तुमचं नाव कुठं येणार नाही. काही त्रास झाला तर डॉक्टर. मग पाचवं कलम आलं. मी वाचलं आणि सांगितलं, "भाग घेणारी व्यक्ती कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता, या चाचणीतून बाहेर पडू शकते. तिच्या नोंदी काढून टाकल्या जातील. त्यामुळं तिचं कसलंही नुकसान केलं जाणार नाही."

"मंजी मदीच उठून गेलं तरी चालतंय?"

"व्हय."

"कारन बी सांगाया नको?"

"न्हाई."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. आदल्याच दिवशी चाचणी झाली होती. मास्कच्या पट्ट्याचे वळ गालावर होते.

"आन् तुझ्या तोंडाला हे काय झालंय?"

मी सांगितलं. मास्कचं सांगितलं, चिकटपट्टीचं सांगितलं, विषय गेल्याचं सांगितलं. आई कोपऱ्यात बसली होती, तिनं चिकटपट्टीचं पहिल्यांदाच ऐकलं. मग शांतामावशी म्हणाली, "तुझ्याकडनं बी असलाच कागुद लिहून घेतला आसंल की."

घेतला होता. तीसेक वेळा. दर चाचणीआधी फाईलला लावायला तोच कागद, आणि मी दर वेळी शेवटच्या पानावर जाऊन सही केली होती. एम.एस्सी.ची विद्यार्थिनी. इंग्रजी वाचता येणारी. वस्तीतली पहिली. एकदाही वाचला नाही. कारण सर समोर उभे असायचे, आणि सरांसमोर कागद वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं, असं मला वाटायचं. शिकून मी काय शिकले होते? अंगठा देणाऱ्या बाईनं मला माझा कागद वाचायला लावला. इतकी शरम मला खिडकीतल्या त्या पिशवीनंही दिली नव्हती. पण ही शरम वेगळी होती. हिनं मला उभं केलं.

नऊ जणींनी अंगठे दिले. मी त्यांना दोष देत नाही. शांतामावशीनं, आईनं आणि आणखी एकीनं दिले नाहीत.

सोमवारी लॅबमध्ये सरांची मोठी चाचणी होती. दम संपेपर्यंत धावायचं, पाय उचलेनासे होईपर्यंत. बाहेरच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक बघायला आले होते. ऋतुजा छातीचा पट्टा घेऊन आली. मी तो घेतला नाही. सरांच्या हातात एक कागद दिला. मराठीत, माझ्या अक्षरात.

मी कलम पाचप्रमाणे या चाचणीतून आणि आपल्या संपूर्ण संशोधनातून बाहेर पडत आहे. आजवरच्या माझ्या सर्व नोंदी काढून टाकाव्यात.

सरांनी दोनदा वाचला. पाहुण्यांकडं बघून हसले. "काय झालं बेटा? बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग कारण काय?"

"कारण द्यायची गरज नाही, सर. तुम्हीच लिहिलंय."

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतलं गेलं. त्यांनी मला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच ते हळू बोलले.

"दोन वर्षांचं काम आहे माझं. सगळं तुझ्या आकड्यांवर उभं आहे. डिग्री पाहिजे ना तुला?"

"पाहिजे."

"मग चढ मुकाट."

मी मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "नाही चढणार."

आणि चालत बाहेर आले.

यानंतर सगळं चांगलं झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. सरांनी माझ्या उपस्थितीच्या फॉर्मवर सही केली नाही. माझी परीक्षा बुडाली. वर्गात माझ्याशी बोलणं बंद झालं. प्राचार्य म्हणाले, सामंजस्यानं घ्या. आप्पा आठ दिवस बोलले नाहीत. आई म्हणाली, "बरं केलंस," आणि मग दिवसभर रडली. विषय अजून ऋतुजाच्याच नावावर आहे. मी अजून त्याच कॉलेजची विद्यार्थिनी आहे, त्याच गाईडच्या हाताखाली, कारण बदलाच्या अर्जावर सही व्हायची आहे. इकडे आड, तिकडे विहीर.

पण ट्रेडमिलवर मी चढलेले नाही. त्या दिवसापासून एकदाही नाही.

दर सोमवारी मी कॉलेजच्या ऑफिसात जाते. माझ्या नोंदी काढून टाकल्याचं लेखी द्या, माझा विषय मला परत द्या, गाईड बदलून द्या, असा अर्ज देते. क्लार्क म्हणतो, मॅडम, मागच्याच आठवड्यात दिला होता की. मी म्हणते, हा या आठवड्याचा. शिक्का मारून घेते. विद्यापीठाला एक प्रत, अनुसूचित जाती आयोगाला एक प्रत. रविवारी कारेगावला जाते, टेप आणि वही घेऊन. तीन बायकांपासून सुरुवात केली होती, आता सात आहेत. कागद मराठीत आहे. मी तो प्रत्येकीला शेवटपर्यंत वाचून दाखवते, पाचवं कलम दोनदा. मापं मी घेते. आकडे मी लिहिते.

ही पदवी मी सोडणार नाही. दोन वर्षांची चार होऊ देत, सहा होऊ देत. मी दमून निघून जावं, असं त्यांना हवं आहे. माणूस किती वेळानं दमतो, हे त्यांनी माझ्यावरच तीसदा मोजलं आणि तरी त्यांना कळलं नाही. मी जाणार नाही. त्या लॅबमध्ये पुन्हा पाय ठेवीन तो मोजणारी म्हणून. सरांना तसं लेखी कळवलं आहे, आणि पोच घेतली आहे.