अंगणावरची नाव

वैनगंगेच्या काठावरच्या दरडी दर पावसाळ्यात ढासळत. विमानातून लेझर सोडून त्या मोजायचं काम आमच्याकडे आलं होतं. विमानासाठी खूण म्हणून आम्ही काठावर चुन्याच्या मोठ्या फुल्या आखायचो. रोज आम्हाला पलीकडे नेणारा नावाडी मला त्या कामाहून जास्त आठवतो.

मधल्या धारेत एका जागी तो वल्हं आडवं ठेवून पायातल्या चपला काढी. ती जागा मागे पडली की पुन्हा घाली. एकदा मी कारण विचारलं.

"आंगण आहे ना माझं इथी, साहेब. बायकोनं आताच सारवलं."

दरडीबरोबर त्याचं घर कधीच नदीत गेलं होतं. बायकोही गेली होती. 'होतं' हा शब्द मात्र मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नाही.

"तुमच्या विमानाले पाण्याखालचं दिसते काय?"

"नाही हो भाऊ. पाण्यातून काही परत येत नाही."

"हव. नाई येत," तो म्हणाला.

उड्डाणाच्या सकाळी त्यानं उरलेला चुना मागून घेतला आणि नावेच्या तळाशी फुली आखली. मग मधल्या धारेतल्या त्याच जागी बांबू रोवून, नाव थोपवून, विमान जाईपर्यंत तो अनवाणी उभा राहिला.

संगणकावर नदी काळी, रिकामी आली. मध्ये नावेचे दोन-चार ठिपके होते.

पुढच्या खेपेला त्यानं विचारलं, "आलं काय आंगण?"

"आलं."

त्यानं वल्हं आडवं ठेवलं. "अन् सारवणारी दिसली काय?"

मी खाली वाकलो आणि बुटांचे बंद सोडू लागलो.