फारूखच्या छातीवर बद्रीनाथचं नाव

तीन वर्षं झाली, बद्रीनाथ रविवारी एकटाच धावतो. उजाडताना हर्सूलहून निघायचं, चौक्याचा घाट चढायचा, परत फिरायचं. डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा तो अजूनही सोडतो. फारूख त्या बाजूनं धावायचा.

दोघं शेंद्र्याच्या एकाच कारखान्यात, दोघंही पन्नाशीला टेकलेले. शहरातल्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीला त्या वर्षी नवा नियम आला होता. पंचेचाळिशीच्या पुढच्यांनी हृदयाची तपासणी करून डॉक्टरचा दाखला जोडायचा. बद्रीनाथनं जोडला. फारूख टाळत राहिला. घाट चढताना त्याचा जबडा आणि डावा खांदा दुखायचा. थांबलं की जायचं.

"पित्त हाय," बद्रीनाथ म्हणाला होता. "रात्री बिर्याणी हाणतो अन् सकाळी जबडा धरतो. जिरं चघळ."

शर्यतीच्या दिवशीच बद्रीनाथला कामावर बोलावलं. छातीवर लावायचा आपला नंबर त्यानं फारूखला दिला. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. धावणाऱ्यांत असे नंबर लग्नातल्या कोटासारखे फिरतात.

"आज मी बद्रीनाथ," फारूख हसला होता. "मागं पडलो तर बदनामी तुझी."

अठराव्या किलोमीटरला तो पडला. नंबरावर नाव बद्रीनाथचं, मागच्या बाजूला रक्तगट बद्रीनाथचा, घरचा फोन त्याच्या बायकोचा. द्वारका दवाखान्यात पोचली तेव्हा माणूस आत नेलेला होता. नर्सनं दारातच विचारलं, काही आजार? गोळ्या?

"काही नाय. डॉक्टरनं फिट लिहून दिलंय," द्वारका म्हणाली.

फारूख दोन वर्षं बीपीच्या गोळ्या घेत होता. तासाभरानं तिला आत नेऊन चेहरा दाखवला, तेव्हा द्वारका आधी हसली. हे तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं, तेही एकदाच. फारूखच्या बायकोला, ताहेराला, फोन गेला तो त्यानंतर.

बद्रीनाथ मयतीला गेला, दर ईदला जात राहिला. फारूखचं दुखणं आपल्याला ठाऊक होतं, एवढं मात्र त्यानं ताहेराला कधी सांगितलं नाही.

यंदा डिसेंबरात घाटात त्याचा स्वतःचा जबडा दुखला. तो थांबला, दुखणं गेलं. पुढच्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी चढ सुरू व्हायच्या आतच. तो मागं फिरला आणि घरी न जाता ताहेराच्या दारात उभा राहिला.

तिनं पाणी दिलं. त्यानं तांब्या हातात धरूनच सांगितलं, "भाभी, फारूखचा जबडा दुखायचा. मला ठाऊक होतं. पित्त हाय, असं मीच म्हणालो."

ताहेरा आत गेली आणि कपाटातली पिशवी घेऊन आली. दवाखान्यानं त्या दिवशी परत दिलेली. आत तो नंबर होता, चारही कोपऱ्यांना पिना तशाच. आणि जिऱ्याची एक पुडी.

"मालूम है," ती म्हणाली. "घरी येऊन सांगितलं त्यांनी, बद्री पित्त म्हणतो. ये पुडी मैंनेच बांध के दी."

बद्रीनाथचा हात जबड्याकडे गेला. ताहेराची नजर त्या हातावर थांबली.

"कबसे?"

"काही नाय, जरा गार वारं..."

"बद्रीभाऊ, कबसे?"

"पंधरा दिवस झाले."

तिनं पिशवी तशीच हातात घेतली, दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात त्याच्या छातीला वायरी लावता लावता नर्सनं विचारलं, "त्रास कधीपासून?"

"दोन दिवस," बद्रीनाथ म्हणाला.

"पंधरा," ताहेरा दारातून म्हणाली. "चढताना दुखतं, थांबलं की जातं."

नर्सनं लिहून घेतलं. मग घरचा फोन विचारला. बद्रीनाथला आकडे धड जुळवता येईनात. ताहेरानं पिशवीतून तो नंबर काढला, उलटा केला आणि द्वारकाचा फोन एकेक आकडा वाचून दाखवला.