आता कितवीत?

लातूर कोर्टाबाहेरचे टायपिस्ट काका वकिलांनाही दटावतात. माझ्या पक्षकार असलेल्या मुरुडच्या बाईंना मुलीच्या पोटगीचा निकाल मिळालाय, पण नवरा दुबईत. तिथल्या कोर्टाने तो निकाल लागू करावा, म्हणून पाठवलेला अर्ज एकदा शिक्का नाही म्हणून, एकदा पत्ता अपुरा म्हणून परत आला. तिसऱ्यांदा मी घाईत म्हणाले, "काका, फक्त तारीख बदला."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, कागद परत येईस्तोवर पोरगी थांबती का?" मग आईशेजारच्या मुलीला विचारलं, "आता कितवीत गं?"

"सातवीत."

अर्जात अजून 'चौथी'च होतं. दुसऱ्यांदा पाठवतानाही मी न वाचता तशीच सही केली होती.

काकांनी सगळा अर्ज नव्याने टाइप केला. "कळू दे तिकडच्या साहेबाला," ते म्हणाले, "आमची पोरगी वाढायलीय."